अक्का पुढे गेली

माझी मोठी बहीण आशाबाई. आम्ही तिला अक्का म्हणतो. वय एक्कावन्न. आदिलाबादजवळच्या भीमपूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, त्याच शाळेत ती मुलांचं दुपारचं जेवण रांधते. दीडशे पोरांचा भात उपसणारी बाई. पण मागच्या पावसाळ्यापर्यंत ती कधी सायकलवर बसली नव्हती.

आणि मला सायकल शिकवली होती ती तिनंच.

आमचा बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार. हायस्कूल गावापासून आठ किलोमीटर लांब. अक्का सातवी पास झाली तेव्हा घरात सायकल नव्हती, म्हणून तिची शाळा सुटली आणि ती कापूस वेचायला जाऊ लागली. तीन वर्षांनी मी सातवी झालो, तेव्हा बापानं कुठून तरी एक जुनी सायकल आणली. माझ्यासाठी. दिवसभर वेचणी करून आलेली अक्का संध्याकाळी कॅरिअर धरून माझ्यामागे पळायची. महिनाभर पळाली. 'मले बसू दे' असं ती एकदाही म्हणाली नाही. निदान मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचीच आता लाज वाटते.

गेल्या वर्षी मला साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या आणि रोज व्यायाम करा. मी आदिलाबादहून गिअरची सायकल आणली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, मोठी पातेली घासून झाल्यावर, अक्का हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"धम्मा, मलेबी शिकव."

"काय?"

"सायकल. तुले शिकवली होती ना मी?"

मी हसलो. ती हसली नाही.

नववीतल्या मयूरीची सायकल मागून घेतली आणि शाळेच्या मैदानात सुरुवात केली. मी कॅरिअर धरून पळालो. वीस-पंचवीस पावलांत माझा श्वास फुलला, मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. अक्का एक पाय जमिनीवर टेकून मागे वळली.

"येवढ्यातच? मी महिनाभर पळत होती तुया मांग. दिवसभर कापूस येचून."

मी पुन्हा कॅरिअर धरलं.

ती पुष्कळ वेळा पडली. कोपर सोललं, एकदा तर तारेच्या कुंपणात गेली आणि लुगडं फाटलं. दुसऱ्या दिवशी पदर कमरेला घट्ट खोचून पुन्हा हजर. नवव्या संध्याकाळी तिनंच ओरडून सांगितलं, "सोड आता!" माझी हिंमत होईना. "सोड ना रे!" मी सोडलं. अक्का निघाली ती निघालीच. मैदानाला एक चक्कर, दोन, तीन. थांबेचना. व्हरांड्यात मास्तर जमा झाले, पोरं टाळ्या वाजवू लागली. मग कळलं, ब्रेक कसा दाबायचा हे मी सांगायलाच विसरलो होतो. शेवटी तिनं झेंड्याच्या खांबाला मिठी मारली आणि थांबली.

दसऱ्याच्या सुमारास तिनं स्वतःची काळी लेडीज सायकल घेतली. रोज पहाटे आम्ही दोघं निघायचो, पैनगंगेच्या बाजूला जायचो. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या राहीबाईनं एकदा हटकलं, "आशे, या वयात कुठं जायाचं हाय तुले?"

"अजून ठरवलं नाई," अक्का म्हणाली आणि पुढे निघाली.

जानेवारीत आदिलाबादच्या काही सायकलवाल्यांनी आदिलाबाद ते इचोडा आणि परत अशी फेरी ठरवली. साठेक किलोमीटर. पुढाकार हर्षदीप नावाच्या बँकेतल्या तरुणाचा. मी नाव दिलं, तर अक्कानंही दिलं. सकाळी सगळे चुस्त कपडे, चष्मे, हेल्मेट घालून उभे. त्यांच्यात अक्का लुगड्यावर कॅनव्हासचे बूट घालून, आणि हर्षदीपनं दिलेलं हेल्मेट डोक्यावर.

जाताना वारा पाठीशी होता. शेजारून ट्रक गेला की सायकल हलायची. अक्का हँडल घट्ट धरून कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून सरळ जायची. इचोड्याच्या ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरनं तिला विचारलं, "माताजी, आदिलाबाद से साइकल पे?" तिनं मान हलवली. त्यानं ढाबेवाल्याला सांगून तिच्या चहात जास्तीचं दूध घालायला लावलं.

परतीला तोच वारा तोंडावर आला. गुडीहतनूरच्या अलीकडे मला थंडीतही घाम सुटला, हात कापायला लागले. मी सकाळची गोळी घेतली होती, पण धड खाल्लं नव्हतं; साखर एकदम उतरली होती. अक्का काहीतरी विचारत होती, मी भलतंच उत्तर देत होतो म्हणे. तिनं सायकल आडवी घातली, मला खाली बसवलं आणि कमरेच्या पिशवीतला गूळ माझ्या तोंडात कोंबला.

"काऊन रे, न खाता निघाला? मास्तर हायस ना तू?"

पंधराएक मिनिटांनी डोकं ताळ्यावर आलं. मागे पडणाऱ्यांसाठी फेरीच्या मागून येणारी पिकअप थांबली, तिच्यात हर्षदीप होता. त्यानं माझी सायकल वर चढवली, मला पुढे बसवलं. मग तो अक्काच्या सायकलकडे वळला.

"अक्का, तुमीबी बसा. वारा लई हाय. वीस किलोमीटर राह्यलं अजून."

मला वाटलं, ती बसणार. भाऊ आजारी पडला की अक्का शेजारी असायची, हे इतकं ठरलेलं होतं. मी सरकून जागासुद्धा केली होती.

अक्कानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

"आता बरा हायस तू. डॉक्टरकडं उतर पह्यले," ती म्हणाली. "मले जाऊ दे."

आणि ती सायकलवर बसून निघाली.

पिकअप तिला ओलांडून गेली तेव्हा मी मान वळवून पाहत राहिलो. पदर वाऱ्यानं फडफडत होता, ती हँडलवर वाकली होती, एक-एक पायडल जोर लावून मारत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. समोर पाहत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला एकट्याला पाठवून ती पुढे गेली याचा मला इतका आनंद होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यात साखर तपासून मी, फेरी जिथून निघाली होती त्या आदिलाबादच्या मैदानावर येऊन थांबलो. एकेक जण येत गेला. शेवटून दुसरी अक्का आली. चेहरा धुळीनं माखलेला, ओठ सुकलेले. हर्षदीपनं गळ्यात पदक घातलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"साखर किती निघाली?" तिनं आधी हेच विचारलं.

"बरोबर हाय आता."

"हं." ती घटाघटा पाणी प्यायली आणि उपम्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे कॉलेजातल्या दोन मुली होत्या. शेवटच्या चढावर सायकल मागं यायला लागली तेव्हा आपण काय केलं, ते अक्का त्यांना हातवारे करून सांगत होती, आणि त्या मुली उपमा घ्यायचं विसरून ऐकत होत्या.