हौदात ठरलेला विमा

कॅनडातल्या शेदियाक गावात ओदिलों कोर्मिए आणि त्याची वहिनी झेली यांचं काचेचं दुकान होतं. झेलीचा नवरा, म्हणजे ओदिलोंचा थोरला भाऊ, मालाचा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचा. त्याचं काचेशी कधी जमलंच नाही. जमलं ते झेलीचं. ती काच कापायची, ओदिलों ती बसवायचा, आणि दिवसभर दोघांचा कशा ना कशावरून वाद चाललेला असायचा.

त्या उन्हाळ्यात वादाला विषय मिळाला तो विम्याचा. गावच्या वाचनालयाला समुद्राच्या बाजूने मोठी काचेची भिंत बसवायची होती. काम यांनाच द्यायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण नगरपालिकेने अट घातली की आधी धंद्याचा विमा दाखवा. यांच्याकडे गाडीचा विमा होता, बाकी काही नव्हतं.

"इतकी वर्षं माझ्या हातून कुणाच्या घरात काच फुटलेली नाही," असं ओदिलों येईल त्याला ऐकवायचा. त्याचं म्हणणं, सगळ्यात स्वस्तातला कागद घ्यावा आणि नगरपालिकेच्या हातात ठेवावा. झेलीला ते पटेना. चर्चची रंगीत तावदानं दुकानात दुरुस्तीला आली होती. ती उद्या फळीवरून पडली तर कुणी भरून द्यायची? आज बसवलेली खिडकी दोन हिवाळ्यांनी वादळात निखळून कुणाच्या गाडीवर आली तर?

विमा एजंट तेओद्यूल गालां दुकानात आला तो जाडजूड पुस्तिका घेऊनच. माणूस सभ्य, बोलणं गोड, पण त्याने पहिलीच शिफारस केली ती पुराच्या विम्याची. दुकान होतं टेकडीवर. ओदिलोंने वहिनीकडे नुसतं पाहिलं.

झेली त्याला म्हणाली, "तेओद्यूल, तू पुस्तक मिट. उद्या आमच्याबरोबर कामावर चल. आमचं काय काय मोडू शकतं ते डोळ्यांनी बघ, मग सांग."

दुसऱ्या दिवशी मादाम लेजेरच्या घरी मागच्या ओसरीला मोठी काच बसवायची होती. तेओद्यूल चकचकीत बूट घालून आला. मादाम लेजेर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, तेओद्यूललासुद्धा. त्यांनी त्याला बघताच शर्टाची कॉलर नीट करायला सांगितली. अंगणात पोहायचा हौद भरून ठेवला होता. शनिवारी नातवंडं यायची होती.

गाडीवरून काच उतरवताना ओदिलोंने सवयीने हाक मारली, "तेओद्यूल, जरा त्या टोकाला हात लाव." असं तो सगळ्यांनाच म्हणायचा. घरमालक, शेजारी, टपालवाला, जो कुणी जवळ असेल तो. तेओद्यूलने आनंदाने हात लावला. हौदाच्या काठाने जाताना त्याचा गुळगुळीत बूट ओल्या फरशीवरून सटकला, आणि काच त्याच्याच अंगावर कलली.

ओदिलों ओरडला, "सोड ती!"

तेओद्यूल सोडेना. काल ऐकलेली ती बढाई त्याच्या डोक्यात असावी. या माणसाची पहिली काच आपल्या हातून फुटू नये म्हणून त्याने ती छातीशी घट्ट धरली. मग ओदिलोंने आपलं टोक सोडून दिलं, दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचला आणि खांद्याने असा धक्का दिला की तेओद्यूल फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन पडला. काच त्याच्या हातून सुटून हौदाच्या कडेवर आदळली. ती कडक केलेली काच होती, तिचा साबुदाण्यासारखा चुरा झाला आणि बराचसा पाण्यात गेला.

तेओद्यूलला खरचटलंही नव्हतं. ओदिलों मात्र फरशीवरच बसून राहिला. काच फुटल्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. आजवर आपण किती जणांना असा सहज हात लावायला सांगितलं, तेच एकेक चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून जात होते.

झेलीने त्याला पाणी आणून दिलं. नेहमीचा टोमणा तिने मारला नाही, ते त्याला जास्तच जड गेलं.

मादाम लेजेर हौदाशी येऊन उभ्या राहिल्या. पाण्यात काच दिसत नाही, हे त्यांनी तिघांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. "सगळं पाणी काढायचं. तळ हाताने तपासायचा. शनिवारी माझी नातवंडं यात उतरणार आहेत."

पंपाने पाणी उपसलं. तिघंही विजारी दुमडून, जाड बूट आणि हातमोजे घालून कोरड्या हौदात उतरले. तेओद्यूलला ओदिलोंचे जुने बूट दिले होते, ते त्याला होडीएवढे होत होते. एक जण बॅटरी धरायचा, एक व्हॅक्यूम क्लीनरने चुरा ओढायचा, एक ओल्या फडक्याने पुसायचा. आणि तिथेच, निळ्या तळावर गुडघे टेकून, विमा ठरला.

पहिला प्रश्न ओदिलोंनेच विचारला. "समजा आज तुला लागलं असतं, तर?"

तेओद्यूलने प्रामाणिकपणे सांगितलं की पगारी माणसाची सोय वेगळी असते. असा येताजाता हात लावणारा मात्र कुठल्याच कलमात बसत नाही, त्याच्यासाठी वेगळं कलम मुद्दाम लिहून घ्यावं लागतं.

"मग ते आधी लिही," ओदिलों म्हणाला. "आणि दुसऱ्याच्या घरादाराचं नुकसान, ते मोठ्या रकमेचं लिही. असे हौद बरेच आहेत गावात."

झेलीने विम्यात चर्चची तावदानं घालून घेतली, काम झाल्यानंतरची जबाबदारी घालून घेतली. गाडीवरून नेताना फुटणाऱ्या काचेचं आलं तेव्हा मात्र ओदिलों नको म्हणाला. लहानसहान काच आपली आपण भरू, मोठ्या भिंतीची तेवढी लिही. हे झेलीलाही पटलं. ती म्हणाली, "भावजी, आज पहिल्यांदा आपलं एकमत झालं, तेही खड्ड्यात बसून."

"पुराचं काय करायचं?" तेओद्यूलने हळूच विचारलं.

वरून मादाम लेजेर हसल्या. त्या बटाट्याचा कीस थापून ओव्हनमध्ये भाजलेलं गरमागरम जेवण घेऊन आल्या होत्या. चौघं हौदाच्या पायऱ्यांवर बसून जेवले, आणि बाईंनी तेओद्यूलला दोनदा वाढलं.

शुक्रवारी हौद पुन्हा भरला. पाण्याचा आणि नव्या काचेचा खर्च दुकानाने सोसला. तेओद्यूल अर्धा द्यायला निघाला होता, तो ओदिलोंने घेतला नाही. पुढच्या आठवड्यात विम्याचा कागद आला आणि वाचनालयाचं काम मिळालं.

काचेची भिंत उभी राहायच्या दिवशी निम्मं गाव बघायला जमलं. दोघंतिघं तरी मदतीला पुढे सरसावले. ओदिलोंने दोरी बांधून सगळ्यांना तिच्या पलीकडे उभं केलं, दोन जाणती माणसं मजुरीवर घेतली होती त्यांना हातमोजे दिले, आणि झेलीने खूण केल्यावर काच उचलली.