गालावरचे वळ

रविवारी सकाळी घावन खाता खाता दिपेशने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ऐका, आमच्या खोलीत ट्रॅक्टर आलाय."

भाविकाला आधी कळलंच नाही. मोबाइलमधून घरघर, मग लांबलचक शांतता, मग कुणीतरी बुडता बुडता वर येऊन घ्यावा तसा श्वास. नणंद राजसी हसून लाल झाली. सासूबाई, कमळाबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. हे आपलंच घोरणं आहे, हे ध्यानात आल्यावर भाविकाही हसली. दुसरं करणार काय?

लग्नाला आठ महिने झाले होते. दिपेश अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. "झोप झाली नाही की एक दिवस हात जाईल माझा," हे तो सारखं ऐकवायचा. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिला उलटून बोलता येत नसे.

घोरणं बंद करायचा पट्टा मिळतो, असं तिने मोबाइलवर वाचलं आणि एकटीच उल्हासनगरला एका सर्जिकलच्या दुकानात गेली. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर चिकटवायचा. तोंड मिटलेलं राहतं. सिंधी दुकानदाराने विचारलं, "किसके लिए, बेटी? ससुरजी के लिए?" तिने होकारार्थी मान हलवली. "ले जा. पहना हुआ वापस नहीं लूँगा."

पट्ट्याने तोंड मिटलं खरं, पण नाक तिचं लहानपणापासून चोंदलेलं. जीव घुसमटून ती दचकून उठायची, आणि घोरणं होतं तसंच. मग ती पट्टा आणखी करकचून बांधू लागली. गालांवर लाल वळ उठले.

तिची आई तुळशी एका दुपारी चामटोलीहून वालाच्या शेंगा घेऊन बदलापूरला आली. लेकीचा गाल बघून पिशवी तिच्या हातातच राहिली.

"हात उचलला त्यानं?"

"नाय गं आये. पट्ट्याचं हाय ते."

"कसला पट्टा? मला शिकवतेस?"

आवाज ऐकून दिपेश बाहेर आला. "मी बोटसुद्धा लावलं नाही हो," म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने मोबाइल काढला. तुळशीने ते शेवटपर्यंत ऐकलं. ती हसली नाही.

"हिचा बा चाळीस वर्सं घोरतोय," ती म्हणाली. "मी कधी कुनाला आयकवलं नाय."

"बाप्या माणसाचं वेगळं असतं, विहीणबाई," कमळाबाई आतून म्हणाल्या.

आई आता काहीतरी बोलेल म्हणून भाविका तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तुळशी खाली बघून शेंगा ताटात काढू लागली. तिलाही ते पटलं होतं. लिफ्टपाशी मात्र लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "जरा सैल बांध बाय. लोकांना दिसतं."

त्यानंतर भाविका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नाक बंद असताना पट्टा बांधू नका. झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबत असावा. झोपेची तपासणी करावी लागेल. मिस्टरांनाही आणा, त्यांना विचारायचंय."

"घोरण्यासाठी कोण हॉस्पिटलात जाऊन झोपतं?" दिपेश म्हणाला. "बिल्डिंगमध्ये, गावात, सगळीकडे बोभाटा होईल. एक काम कर, तू हॉलमध्ये झोप."

त्याने स्वतः तिची गादी उचलून दिली, नवीन चादरही काढून दिली. तिला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो इतका थकलेला दिसत होता, की तिने मुकाट्याने गादी घातली. पट्टा तिने बांधायचा सोडला. का सोडला, हे कुणी विचारलं नाही.

सकाळी तिचं डोकं दगडासारखं जड असे. एकदा गॅसपाशी उभ्या उभ्या डोळा लागला आणि दूध उतू गेलं. "रात्रभर झोपते नि दिवसापण झोपते," कमळाबाई शेजारणीला सांगत होत्या. तपासणीचा कागद भाविकाने पुन्हा एकदा दिपेशपुढे ठेवला. त्याने "बघू" म्हटलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. हॉलमध्ये तिचा श्वास थांबला काय नि चालला काय, आता ऐकायलाच कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर घरच्या एका हळदीला सगळे जमले. दिपेश अंगाने भरला होता, चेहऱ्यावर तकाकी आली होती. त्याची आत्या त्याला न्याहाळत म्हणाली, "लग्न मानवलं हो पोराला!"

भाविका पंगतीत भात वाढत होती. आत्याने तिच्याकडे कौतुकाने बघितलं, तशी ती हसली आणि पुढच्या पानाकडे वळली.