फाटकापाशी मांडलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. आवाज जरा कापला तर सांभाळून घ्या. लाकडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण घाबरलेलं माणूस रोज येऊन अंगावर बसलं, की लाकडातही ती झिरपते.

एका म्हाताऱ्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. मापं सांगायला राजवाड्यातून कारभारी आला होता. सिंहासनाहून वीतभर बुटकी हवी, पाठ ताठ हवी, हात अरुंद हवेत.

"अहो, बसणाऱ्याचं अंग अवघडेल," सुतार म्हणाला.

"राणीसाहेबांची खुर्ची आहे. त्यांना नुसतं दिसायचंय," कारभारी हसत म्हणाला.

मी दरबारात आले आणि पाठोपाठ ती आली. एकोणीस वर्षांची पोर. माझ्यावर बसली तर पाय जमिनीला पुरते टेकेनात. कुणाचं लक्ष नसलं की हळूच जोडे काढून ठेवायची.

राजा तिच्याहून थोडाच मोठा. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. सैन्य त्यांच्याच हाताखाली. राजा तोंड उघडण्याआधी काकासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचा. राणीला तर त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सूनबाई, दरबारात बायकांनी बोलायची पद्धत नाही आपल्यात."

ती बोलली नाही. ऐकत मात्र राहिली.

मग गिरण्या बंद पडल्या, पीठ महागलं आणि रस्त्यांवर माणसं उतरली. काकासाहेबांनी गिरणीतल्या पुढाऱ्यांना धरून राजवाड्यामागच्या तुरुंगात डांबलं. दरबाराचा रंगच पालटला. सरदारांनी बायकापोरांना गुपचूप गावाबाहेर धाडलं. दगडांनी फुटतील म्हणून भिंतीवरचे मोठे आरसे उतरवले गेले. बाहेर कुठे दार आपटलं तरी आत सगळे दचकत. राणीच्या तळहातांचा घाम माझ्या हातांना लागायचा.

एका दुपारी बाहेरून आवाज येऊ लागला. आधी वाटलं, वारा सुटलाय. मग कळलं, माणसं आहेत. फाटकापर्यंतचा सगळा रस्ता भरला होता.

"आमची माणसं सोडा!" एवढंच सगळी ओरडत होती.

काकासाहेब आत आले. "पटांगणात बंदुका लावल्यात. महाराजांनी हो म्हणावं, फक्त मान हलवावी."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मान हलवली नाही, पण तो नाहीही म्हणाला नाही.

"त्यांची माणसं सोडली तर?" कुणीतरी बोललं. सगळे वळले. राणी बोलली होती.

"सूनबाई, आत जा."

ती उठली. आत जाईल असं मलाही वाटलं. पण दोन पहारेकऱ्यांना ती म्हणाली, "ही खुर्ची उचला आणि फाटकाबाहेर मांडा. मला तिथे उभं राहवणार नाही, पाय लटपटतायत."

लाज न वाटता, सगळ्यांदेखत ती हे बोलली. पहारेकरी गोंधळले, पण राणीचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. मला उचललं. दरबारात आल्यापासून पहिल्यांदा मी ऊन पाहिलं, आणि खरं सांगते, परत आत न्या म्हणून ओरडावंसं वाटलं.

फाटक उघडलं. समोर नुसती डोकीच डोकी. राणी माझ्यावर बसली तेव्हा तिच्या थरथरीने माझे सांधे कुरकुरले. गर्दी चपापून गप्प झाली.

"बाजूला व्हा!" मागून काकासाहेब गरजले. "नेम धरा!"

तेव्हा ती उठली. तिने स्वतःच्या हातांनी मला फिरवलं आणि पुन्हा बसली. आता तिचं तोंड बंदुकांकडे होतं आणि पाठ गर्दीकडे. म्हणजे माझीही. मागून शेकडो श्वास माझ्या पाठीवर आदळत होते. पहिला वार कुठून येणार, पुढून गोळी की मागून सुरी, काही कळायला मार्ग नव्हता. मग कुणाचा तरी खरखरीत हात माझ्या पाठीवर पडला.

"पोरी," एका बाईचा आवाज आला. ती कपडे धुणारी असावी, हाताला साबणाचा वास होता. "माझा भाऊ आत आहे."

"सोडवते," राणी म्हणाली.

तेवढ्यात राजा धावत आला. डोक्यावर मुकुट नाही, अंगरख्याची बटणं उघडी. "काका, बंदुका खाली! माझी बायको बसलीय तिथे!" काकांवर ओरडलेला राजा मी पहिल्यांदाच पाहत होते. शिपाई बहुधा याचीच वाट बघत होते. बंदुका खाली आल्या. राजाने तुरुंगाच्या किल्ल्या मागून घेतल्या.

कैदी एकेक करून बाहेर आले. रडारड झाली, मिठ्या झाल्या. ती बाई मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून वाट बघत राहिली. शेवटचा कैदी तिच्यापाशी आला आणि त्याने मान खाली घातली.

"ताई, तो तापातच गेला. आत कुणी औषध दिलं नाही."

मला वाटलं, आता संपलं. ज्या हाताने मला धरलं होतं, त्याची बोटं आवळली गेली. राणी उठून तिच्याकडे वळली. पळायला वाव होता, फाटक मागेच होतं. ती पळाली नाही.

"मी सोडवते म्हटलं होतं," ती म्हणाली. तिने त्या बाईचा दंड धरला आणि तिला माझ्यावर बसवलं.

बाई बसली. माझ्या हातावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. राणी शेजारी उभी राहिली, लटपटत्या पायांवर. कुणीही दगड उचलला नाही.

तरीही राज्य टिकलं नाहीच. हिवाळ्याआधी काकासाहेब परागंदा झाले आणि लोकांनी आपली सभा नेमली. राजा-राणीचं काय करायचं, यावर फार वाद झाला म्हणे. शेवटी कपडे धुणारी एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना सुखरूप जाऊ द्या." दोघं साध्या घोडागाडीतून गेली. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. चांगलंच झालं असेल, असं मी स्वतःला सांगते.

राजवाड्याचं आता इस्पितळ झालंय. मी एका लांब ओसरीत असते. पॉलिश उडालंय, एक पाय दोरीने बांधलाय. आजाऱ्यांचे नातेवाईक माझ्यावर बसून आतल्या दाराकडे बघत असतात. त्यांचं ओझं मला वाटत नाही.

झाडणारी बाई रोज मला ओढून मधोमध ठेवते. तुमच्यापैकी कुणी इथे आलंच, तर एवढं करा. मला भिंतीला पाठ टेकवून ठेवा. मागे कुणी उभं राहिलं की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही माझा.