गुरुवारी भरलेली भट्टी

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत शुक्रवारी सुट्टी आणि त्या दिवशी लाईट जाणार, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक. म्हणून गुरुवारी संध्याकाळी कोणी भट्टी भरत नाही. रबराचा कारखाना चालवणाऱ्या भिवाशेठने मात्र या गुरुवारी भरायला लावली. "लाईट दहाला जातं. सांजच्या सहापासून सकाळच्या दहापर्यंत सोळा तास. चोख!" सुपरवायझर प्रफुल्लने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वसाहतीत नव्हता.

भट्टीत सोळा तास भाजून पक्के व्हायचे बंपर होते. हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी गन असते ना, तिच्या नळीच्या तळाशी एक जाड रबरी कडं बसवतात, तोच बंपर. पिस्टन खाली आदळतो, खिळा लाकडात जातो आणि पिस्टनची उरलेली रग हे कडं मुकाट गिळतं. ते फुटलं की लोखंडावर लोखंड. गनचं तोंड तडकतं आणि टवका कोणाच्या दिशेने उडेल त्याचा नेम नसतो.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत भट्टीवरच्या कलावतीबाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "वॉचमन सांगत होता, या शुक्रवारी पहाटे पाचलाच लाईट काढलेली."

प्रफुल्लचा घास तोंडातच राहिला. पाच म्हणजे अकरा तास. "पण वहीत तुम्ही सोळा लिहिलंय!"

"मग काय लिहू? त्या रकान्यात सोळाच लिहितात. सात वर्षं तेच लिहितेय मी."

त्यांना खोटारडं म्हणायचीही सोय नव्हती. शनिवारी गेज लावून कडकपणा प्रफुल्लनेच मोजला होता आणि तो नेमका भरला होता. कच्चं कडं नव्या जावयासारखं असतं, पहिले चार दिवस गुणाचं वागतं. ठोके बसायला लागले की आतून चिरतं. बाकीचा माल अजून गोदामात होता. पण पहिलं डझन शनिवारीच विठ्ठलवाडीला, सरोजताईंच्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या कारखान्यात गेलं होतं.

तो तसाच शेठच्या केबिनमध्ये गेला. भिवाशेठचे वाडवडील मिठागरात राबलेले. शेठ मात्र जमिनीवर शेड बांधून बसून खात होता, आणि बसलेल्या माणसाला घाई कसली?

"माल गेला ना? मंग? वरात गेल्यावर नवरीचे दात मोजाया जातोस काय रं?"

"शेठ, कोणाला लागलं तर?"

"लागलं तर बघू. पासिंगला सही तुझीच हाय ना?"

प्रफुल्लने इथेही मान डोलावली. मग जुन्या, पक्क्या लॉटमधले बारा बंपर पिशवीत टाकले आणि बाईकला किक मारली. वाटेभर तो सबबीचं एकच वाक्य घोटत होता. सिग्नलला थांबला की ते खरं वाटायचं, बाईक सुटली की खोटं.

सरोजताई अंबाड्यात पेन्सिल खोचून फळ्या मोजत होत्या. मागे अकरा गन ठकठकत होत्या.

"काय प्रफुल्ल? तुमचा माणूस न बोलावता आला की एकतर पत्रिका, नाहीतर खोट."

"छे हो ताई. जरा बरा लॉट आलाय. म्हटलं, शनिवारचे बदलून देऊ. फुकट."

"फुकट? भिवाशेठ? तो तापलेल्या माणसाला थर्मामीटर भाड्याने देईल." ताईंनी त्याच्या पिशवीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "शनिवारचे वाईट आहेत?"

"वाईट... नाहीत."

"मग गन उघडण्यात माझा अर्धा दिवस कशाला घालवू?" त्यांनी शेजारी ठोकत असलेल्या धोंडीबा मिस्त्रींच्या हातातली गन घेऊन त्याच्यापुढे धरली. "हे घे. एक पॅलेट ठोकून दाखव. मिस्त्री सकाळपासून उभे आहेत, बसू देत जरा."

"चष्मा आहे का डोळ्याला लावायला?"

"का? वाईट नाहीत ना?"

प्रफुल्लने गन फळीवर टेकवली. ठक्. दुसरा खिळा. तिसरा. प्रत्येक ठोक्याला तो डोळे मिटत होता आणि कान उघडे ठेवत होता. नवव्या खिळ्याला आवाजाच्या पोटात काहीतरी कोरडं वाजलं. की भास? दहावा. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. अकरावा. ठण्.

"हा आवाज सकाळपास्नं येतोय," धोंडीबा उपड्या खोक्यावर बसून तंबाखू मळत म्हणाले. "म्हटलं नवा माल हाय, बसंल हळूहळू."

सकाळपासून. प्रफुल्लने मिस्त्रींकडे पाहिलं. पांढऱ्या भुवया, खाली बारीक डोळे. त्यांना कमी दिसायचं म्हणून ते गनवर वाकूनच ठोकत. अंतर असेल वीतभर.

त्याने गन खाली ठेवली.

"ताई, सगळ्या बंद करा. हवा सोडा. कच्चे आहेत ते. सोळाच्या जागी अकराच तास भाजलेत. सही माझी आहे."

सरोजताईंनी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. फुस्स करून हवा सुटली आणि कारखाना एकदम गप्प झाला.

मिस्त्रींच्या गनमधून कडं निघालं ते तीन तुकड्यांत. दुसऱ्या गनमधल्याला केसाएवढी चीर. तिसऱ्यातलं वरून धडधाकट. तरी त्याने तेही काढलं. चौथी उघडताना फोन वाजला. भिवाशेठ.

"उचल," ताई म्हणाल्या. "इथेच बोल."

"कुठं हायस रं?"

"विठ्ठलवाडीला. माल परत घेतोय."

"कोणाला इचारून?"

"कोणालाच नाही, शेठ." प्रफुल्लने चौथं कडं ओढून काढलं. "आणि गोदामातलाही बाहेर जायचा नाही. मी सही करणार नाही."

पलीकडून फोन बंद झाला. उद्या कामावर यायचं की नाही, ते शेठ बोलला नव्हता. विचारायला परत फोन लावण्याचं बळ प्रफुल्लकडे नव्हतं.

अजून आठ गन बाकी होत्या. घाईत त्याचा पाना बोल्टवर बसेना. धोंडीबा उठून आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गन घट्ट धरली.

"सावकाश," ते म्हणाले. "आता कुठं जायचंय तुला?"