पट्टा

मास्तरांनी हिरवं बटण दाबलं. मोटर गुणगुणली, पण लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा फिरता पंजा, जागचा हलला नाही. बटण बंद करून त्यांनी पुन्हा दाबलं. मोटर आपली मजेत गातेय आणि लेथ ढिम्म, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या कार्ट्यासारखा.

हा लेथ म्हणजे कारखान्यातलं धूड नव्हे. शिवणयंत्राहून जरासा मोठा, टेबलावर मावणारा. लेक सहावीत होती तेव्हा मास्तरांनी तो जुना विकत घेतला, घरामागच्या खोलीत बसवला, आणि शाळेत गणित शिकवून घरी आलं की चहाच्या आधी ते त्या खोलीत शिरू लागले. धातूचा तुकडा चकाच्या चार जबड्यांत पकडायचा, तो गरगर फिरवायचा, आणि धारदार टूल हळूच पुढे नेऊन सफरचंदाच्या सालीसारखा त्याचा थर उतरवायचा. यंत्राचं काम एवढंच, पण तेवढ्यात माणसाचं आयुष्य निघून जातं. सध्या चकात तळहाताएवढं पितळी चाक होतं, छोट्या वाफेच्या इंजिनाचं. बाहेरची कड कातून झाली होती. मधलं भोक मापाला आणायचं राहिलं होतं.

त्यांनी बाजूचं झाकण उघडलं. दोन कप्प्या समोरासमोर होत्या. त्यांना जोडणारा काळा रबरी पट्टा गायब.

"अगं ए, पट्टा कुठाय?"

"ओरडू नका, दूध उतू जाईल," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दुधाचं सोड. लेथचा पट्टा कोणी काढला?"

बायकोने आधी गॅस बारीक केला, मग पदराला हात पुसले, मग दारात आली. एवढा वेळ ती घेते तेव्हा उत्तर तिला ठाऊक असतं, हे मास्तरांना संसाराने शिकवलं होतं.

"लेकीने नेला. सकाळी ड्यूटीवर जाताना. पर्समध्ये घालून."

"आणि तू बघत राहिलीस?"

"पिशवी दिली तिला. तेलकट होता ना."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना कालचं जेवण आठवलं. लेक नर्स. वरच्या मजल्यावर नवऱ्याबरोबर राहते, रात्री खाली जेवायला येते. काल तिने बापाच्या पाण्याच्या पेल्यावर तांबडा ठसा पाहिला आणि त्यांचा हात दिव्याखाली धरला. तर्जनीत पितळेची कपची रुतलेली होती. ताजी नव्हे, चांगली मुरलेली, भोवती पू धरलेला. मास्तरांना पत्ता नव्हता. साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टरांनी हे वर्षापूर्वीच सांगितलं होतं आणि मास्तरांनी ते घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. लेकीने चिमट्याने कपची काढली, पट्टी बांधली आणि एक शब्द न बोलता पान वाढून घेतलं. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. ही मुलगी गप्प बसते ती आईवर गेलेली म्हणून नव्हे, मनात काहीतरी शिजतंय म्हणून.

संध्याकाळी ती जिना चढत असतानाच मास्तरांनी तिला गाठलं.

"चोरी केलीस."

"जप्ती केली," ती किल्ली काढत म्हणाली. "तुम्ही पोरांचे भोवरे जप्त करायचात तशी."

"भोवरे मी वर्षाअखेरीला परत द्यायचो."

"मग वर्षअखेर होऊ दे."

"हे बघ, चाक चकात अडकलंय. अर्धं काम झालंय."

"काढून ठेवा."

"काढलं की त्याचं केंद्र गेलं. कड आणि भोक एकाच बैठकीत व्हायला लागतं, नाहीतर चाक लंगडतं. एवढं तुला कळतं."

"मग परत बसवा. इतकी वर्षं बसवताच आहात."

यावर बोलण्यासारखं एकच होतं आणि ते त्यांना मेलं तरी बोलायचं नव्हतं. चार जबडे एकेक सैल-घट्ट करत काम बरोबर मध्यावर आणायचं, ही सगळी बोटांची विद्या. फिरत्या कडेवर बोट टेकवलं की उंचवटा कुठे आहे ते कळतं. असं करायला घड्याळासारखी तबकडी असलेलं उपकरण मिळतं, पण मास्तर ते वापरणाऱ्यांना हसत. भूक लागली का हे घड्याळाला विचारण्यासारखं आहे, म्हणत. आणि हे चाक बसवताना त्यांच्या बोटाला काहीच सांगता आलं नव्हतं. शेवटी ते बसलं ते नशिबाने. ते चाक एकदा सुटलं तर पुन्हा आपल्या हातून बसणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"मी तुझा बाप आहे, पेशंट नाही," ते म्हणाले.

"पेशंट निदान ऐकतात. बाबा, माझ्या वॉर्डात बोटं तुटलेली माणसं येतात. एकूण एक सांगतो, मला यंत्राची सवय होती."

"सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस."

"बोट कापलं तर तुम्हाला कळणार आहे का? तेवढं सांगा, पट्टा आणून देते."

मास्तर धाडधाड जिना उतरले. खालच्या पायरीवर पाय अडखळला, त्यामुळे रुबाब गेला आणि राग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. पट्ट्यांचा झुबका त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता.

"हा नंबर दे," मास्तर म्हणाले.

विद्यार्थी वजनकाट्याकडे बघायला लागला. "मास्तर, संपलाय."

"तुझ्या टाळूवर लोंबतोय."

"तो... ठेवलेला आहे."

"कोणासाठी?"

"मास्तर, ताई येऊन गेल्या. म्हणाल्या, दिलास तर याद राख. माझी बायको त्यांच्याच वॉर्डात बाळंत झालीय हो. मी कोणाचं ऐकू?"

"तुला अपूर्णांकांत पास केला तिथेच चुकलो," मास्तर म्हणाले आणि तिथून निघाले. सगळं गाव फितूर झालं होतं.

मग त्यांनी ठरवलं, पट्टा नाही तर नाही. मोटरही नको. चकाच्या मागचा दांडा पोकळ असतो. त्याच्या मागच्या तोंडात नळीचा तुकडा घट्ट बसवला आणि त्याला हँडल लावलं, तर विहिरीच्या रहाटासारखा चक हाताने फिरवता येईल. त्यांनी नळी करवतीने कापली, चिरली, आणि बोल्ट आवळला की नळी फुगून दांड्यात घट्ट बसेल अशी लाकडी पाचर आत घातली. लोखंडी पट्टी कानशीने घासून हँडल केलं. मुठीसाठी स्वयंपाकघरातल्या खणाची लाकडी मूठ उपटली. हे सगळं रागात चाललं होतं. कानस मारताना ते लेकीशी भांडत, करवत ओढताना दुकानदाराशी, आणि दम लागला की बायकोशी.

"अहो, खणाला आता काय धरून ओढू?" बायको विचारायला आली, आणि दारातच थांबली. "हे बघा."

"काय?"

"रक्त."

कानशीची मूठ लाल झाली होती. टेबलावर, पट्टीवर, सदऱ्याच्या बाहीवरही डाग होते. मास्तरांनी हात उलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी कातडी उघडी पडली होती. ते जखमेकडे शेजाऱ्याची डाकेतून चुकून आलेली वस्तू बघावी तसे बघत राहिले. कळ नाही, चुरचुर नाही, काही नाही. बिनविजेच्या, बिनपट्ट्याच्या कानशीने हे केलं होतं. त्यांना पुन्हा संताप आला, पण या वेळी तो कोणावर काढावा तेच समजेना. समोर बायको होती, तिच्यावर काढून झाला होता.

तिने लेकीला खाली बोलावलं. लेकीची सुट्टी होती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. मग तिची नजर लेथच्या मागच्या हँडलवर गेली.

"हे काय?"

"बिनपट्ट्याचं आहे. हेही ने. पिशवी देईल तुझी आई."

लेकीने हँडल धरून एक फेरा दिला. पितळी चाक सावकाश फिरलं. सोडलं की लगेच थांबलं. तिने पुन्हा फिरवून पाहिलं आणि मागे सरली. "चालवून दाखवा."

मास्तरांनी उजव्या हाताने हँडल फिरवायला घेतलं, डाव्याने टूल पुढे नेणारं छोटं चाक धरलं. पण त्यांना भोक कातायचं होतं. भोकाच्या आत डोळ्याला काही दिसत नाही. टूल धातूला टेकलं का, किती चावलं, हे त्या छोट्या चाकावरच्या बोटांना आपोआप कळावं लागतं. आतून करकर आवाज आला. त्यांनी टूल मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. या वेळी आवाजच नाही, म्हणजे ते हवेतच फिरत होतं.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"कळत नाही." ते हँडल सोडून वळले. "हेच ऐकायचं होतं ना? टूल टेकलंय की नाही, मला कळत नाही. आता जा वर, आणि नवऱ्याला सांग, बाबांची जिरवली."

लेक गेली नाही. तिने घड्याळ काढून खिशात टाकलं, केस घट्ट बांधले, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. यंत्राजवळ जाताना काय काय आवरायचं ते तिला सांगावं लागलं नाही.

"सरका. टूल मी धरते, तुम्ही फिरवा."

"तुला जमेल?"

"जमत होतं. मग एकदा टूल मोडलं आणि तुम्ही एवढे ओरडलात की मी या खोलीत यायचं सोडलं." ती छोट्या चाकावर बोटं ठेवत म्हणाली. "शाळेतल्या पोराने सातदा चुकवलं तरी तुम्ही खडू खाली ठेवून आठव्यांदा सांगायचात. सगळं गाव म्हणायचं, असा शांत माणूस बघितला नाही. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, यांना आमच्या घरी पाठवा."

"तू त्या पोरांपेक्षा हुशार होतीस."

"हे आत्ता सांगताय?"

मास्तरांनी उत्तर म्हणून हँडल फिरवायला सुरुवात केली. पितळेचा बारीक सोनेरी कीस भोकातून सांडू लागला. लेकीचा हात स्थिर होता. आवाज चांगला येत होता, एकसारखा, रेशीम फाडल्यासारखा. आणि तो आवाज ऐकून मास्तरांना बरं वाटायच्या ऐवजी काहीतरी भलतंच झालं. आपल्याच यंत्रावर, आपल्याच चाकात, आपल्याला न कळणारी गोष्ट दुसऱ्याच्या बोटांना कळत होती. ते जोरात फिरवू लागले.

"हळू," लेक म्हणाली.

ते आणखी जोरात फिरवू लागले.

"बाबा, हळू."

त्यांनी हिसका दिला. टूल रुतलं, चाक जबड्यांतून कच्चकन सरकलं आणि सगळं जाम झालं. मोटर असती तर ते उडून कोणाच्या तोंडावर आलं असतं. हाताचं होतं म्हणून नुसतं थांबलं. लेकीने टूल मागे घेतलं. मास्तरांनी सावकाश एक फेरा दिला. चाक दारुड्यासारखं झोकांड्या खात होतं.

बायको दारात चौकटीला टेकून उभी होती.

"ओरडा," लेक म्हणाली. तिचे डोळे चाकावरच होते.

मास्तरांचं तोंड उघडलेलंच होतं. त्यांनी ते मिटलं. हँडलवरची आपली मूठ त्यांनी पाहिली. सांधे पांढरे पडले होते.

"तू टूल किती पुढे नेलं होतंस?"

"मी हललेसुद्धा नाही. तुम्ही हिसका दिलात."

"दिला."

"मुद्दाम?"

"रागाने."

"माझ्यावरच्या?"

"आधी तुझ्यावर होता. मग त्या दुकानदारावर. आता कोणावर आहे ते शोधतोय."

लेकीला हसू आलं असेल, पण तिने ते दाखवलं नाही. तीही अजून चिडलेलीच होती. "परत बसवा तर मग," ती म्हणाली. "बघते मी."

"माझ्याने बसायचं नाही." मास्तरांनी हे यंत्राकडे बघत सांगितलं. "मागच्या खेपेलाही नशिबानेच बसलं. म्हणून तुझ्या दारात तमाशा केला. पट्टा गेला त्याचं एवढं नव्हतं."

लेकीने फडक्याने बोटं पुसली. "सांगा," ती म्हणाली. "काय करायचं ते सांगा. पण मला सांगा, वर्गातल्यासारखं. घरातल्यासारखं नको."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि चकाची किल्ली हातात घेतली.

"कडेवर बोट ठेव. दाबू नकोस, नुसतं टेकव. मी हळू फिरवतो. कुठेतरी चाक तुझं बोट वर उचलेल. तिथे थांबव मला."

चाक सरकत सरकत फिरलं.

"इथे."

"नक्की?"

"बाबा."

"बरं." त्यांनी समोरचा जबडा सैल केला, अलीकडचा आवळला. "पुन्हा."

"इथे. नाही, थोडं मागे. हां."

"ही पोरगी एकदा इथे म्हणते, एकदा मागे म्हणते. एक काय ते ठरव ना," मास्तरांचा आवाज चढला. लेकीने कडेवरून बोट उचललं आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बायकोने दाराच्या चौकटीला टेकवलेला खांदा बदलला. मास्तरांनी किल्ली खाली ठेवली, मांडीवर हात पुसले आणि पुन्हा उचलली.

"फिरवतो," ते म्हणाले.

तिने बोट टेकवलं.

दुपार कलली. झोकांडी कमी कमी होत गेली, पण गेली नव्हती. मास्तरांचा घसा ओरडण्यासाठी शिवशिवत होता, आणि लेकीच्या कपाळावरची आठीही हलली नव्हती. पट्ट्याचं नाव दोघांपैकी कोणीही काढलं नाही.

"आता?"

"अजून थोडं. इथे."

"थोडं म्हणजे किती? कागदभर की केसभर?"

"तुम्ही ओरडताय."

"विचारतोय."

तिने बोट पुन्हा एकदा कडेवरून नेलं, डोळे मिटून.

"मग केसभर."

मास्तरांनी जबडा केसभर सैल केला.