आतल्या खोलीतली खुर्ची

आईने खुर्ची आतल्या खोलीच्या दाराआड सरकवली, दार किलकिलं ठेवलं आणि बसली. बाहेर मावशी फूटपट्टी घेऊन केकवर वाकली होती.

"ताई, हा कोपरा दोन रेघा मोठा होतोय गं."

"मग पुन्हा माप. साहेब ओळखतो."

साहेब हे नाव मावशीनेच ठेवलेलं. साहेब आज अकरा वर्षांचा होत होता. तो स्वमग्न होता, आणि त्याच्या वाढदिवसाला इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नसे. केक चौकोनी, कारण गोल केकचे सारखे तुकडे त्याच्या डोळ्यांना पटत नाहीत. फुगे नाहीत, टाळ्या नाहीत. गाणं म्हणायचं, पण नुसत्या ओठांनी. भेटवस्तू कागदात गुंडाळायची नाही आणि ती काय आहे हे आठवडाभर आधी सांगायचं. पाहुण्यांना हा वाढदिवस कमी आणि परीक्षा जास्त वाटे, म्हणून पाहुणे हळूहळू यायचे थांबले. आईला मात्र त्यात काही जड गेलं नाही. चष्म्याच्या दुकानात ती वीस वर्षं काचा घासत आली होती. केसभर चुकलं तरी माणसाचं डोकं उठतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

चार वर्षांपूर्वी वडील घर सोडून गेले, तेव्हा साहेबाने एका शब्दाने विचारलं नव्हतं. वाढदिवसात वडिलांकडे काही कामच नव्हतं.

आईकडे सगळीच कामं होती. आणि डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तिच्या आजाराचं जे सांगितलं, त्यात पुढचा वाढदिवस बसत नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीन चालू ठेवून, ती दोन दिवस रडली. मग कामाला लागली. साहेबाकडे एकदा घडलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. यंदा सगळं मावशीने केलं, तर पुढच्या वर्षीही ते मावशीचंच ठरेल. बाकीच्या दिवसांचं काय होईल ते होवो, निदान त्या एका दिवशी त्याच्या डोक्यावर आभाळ कोसळू नये. म्हणून पंधरा दिवस रोज सकाळी, त्याचे दात घासून होईपर्यंत ती सांगत राहिली, "यंदा मावशी केक कापणार. आई आत बसणार."

मावशी भांडली होती.

"अगं, यंदाचा तरी... समोर बस ना तू. मी बघून शिकेन."

"मी समोर असले की तो मलाच सांगणार. तुझ्या हातून घेणारच नाही."

"मग शेजाऱ्यांकडे तरी जाऊन बस. घरात बसून जीव कशाला जाळतेस?"

एवढं मात्र आईच्याने झालं नाही. दाराआडून का होईना, तिला तिथे असायचं होतं.

पाच वाजले. मावशी पोहायला शिकवायची. तलावाच्या एका काठावरून ओरडली की दुसऱ्या काठावरची पोरं दचकायची. तीच मावशी आता मेणबत्तीसमोर आवाज न काढता ओठ हलवत होती. फटीतून आईला तिची पाठ दिसत होती, आणि साहेबाचा एक हात. हात टेबलाच्या कडेवर स्वस्थ होता. घाबरला की तो बोटं झाडायचा. बोटं हलली नाहीत. आत बसल्या बसल्या आईचेही ओठ हलायला लागले, आणि गाणं बाहेरच्यांच्या बरोबरीने संपलं.

आता तो मान वळवेल, तिला वाटलं.

"पहिला तुकडा मावशीला," साहेब म्हणाला.

आजवर तो तुकडा आईचा होता. तिने मनगट दातांत धरलं. जमलं होतं. इतकं सहज जमेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, थोडं अडावं, एकदा तरी त्याने आई कुठे म्हणून विचारावं, असंही तिला वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली.

दार उघडलं. साहेब बशी घेऊन उभा होता. त्याने बशी तिच्या मांडीवर ठेवली, दोन पावलं मागे गेला आणि खुर्ची, आई, दार असं सगळं नीट पाहून घेतलं. त्याचा चेहरा खुलला होता.

"मावशी केक कापणार," तो म्हणाला. "आई आत बसणार."

"हो रे. बसले की."

"पुढच्या वर्षी पण. मावशी केक कापणार. आई आत बसणार."

त्याच्यामागे मावशी दारात आली होती. तिने तोंडावर हात दाबला. पंधरा दिवस रोज आईने शिकवलं, आणि पोराने त्यातलं एक अक्षरही गाळलं नव्हतं.

साहेब उत्तरासाठी थांबला. उत्तर मिळाल्याशिवाय तो जागचा हलत नसे. आईने केकचा तुकडा मोडून तोंडात घातला.

"खुर्ची असेल," ती म्हणाली. "इथेच असेल."

"खुर्ची असेल," साहेब म्हणाला. "आई असेल."

या घरात तो काही चुकीचं बोलला, तर तिथल्या तिथे त्याला सांगायची पद्धत होती. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग मावशीकडे. कुणीच काही म्हणालं नाही. मग तो समाधानाने आपला तुकडा खायला बाहेर गेला.