साध्या पाण्यातला मीटर

आंबटपणा मोजायचा पीएच मीटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी वानेसलाच विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? वीस वर्षं आम्ही शेजारी-शेजारी, आपापल्या शेडमध्ये आंबट बिअर करतोय.

"हा घे, लुत्गार्ट," तो म्हणाला. "टोक मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव. आणि आकडे जुळवत बसू नकोस, दुकानातून जुळवूनच येतात."

यंदा मला जत्रेतला नळ हवा होता. आमच्या गावात बिअर करणाऱ्यांचा क्लब ज्याची बिअर निवडतो, तोच जत्रेत नळापाशी उभा राहून अख्ख्या गावाला पाजतो. माझे वडील उभे राहिले होते. वानेस तर दरवर्षीच राहतो, मेला.

बिअर आंबायला लागली. आंबटपणा चढेल तसा मीटरचा आकडा उतरतो; तो साडेतीनवर आला की उकळायची, म्हणजे आंबणं तिथंच थांबतं. मीटर चारच्या खाली उतरेना. जीभ म्हणत होती, झालं, उकळ आता. मी वानेसला बोलावलं. त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"अजून दोन दिवस थांब."

"अरे, दात आंबले माझे!"

"जिभेचंच ऐकायचं होतं तर यंत्र कशाला आणलंस?"

थांबले. दोन दिवसांनी ती बिअर तोंडात धरवेना, आणि मीटर अजून चारच दाखवत होता. बिघडला असेल म्हणून वानेसचा मागायला गेले. तो पाव, चीज आणि मुळा खात बसला होता. त्याच्या मीटरचं टोपण काढताना बोटं ओली झाली. सवयीने जिभेला लावली. खारट!

"तुझा खाऱ्या पाण्यात ठेवतोस?"

त्याचं चावणं थांबलं.

"आणि मला डिस्टिल्ड, साधं पाणी सांगितलंस?"

"साध्या पाण्यात टोक खराब होतं," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, कळेल तुला."

"त्या दिवशी घोट घेतलास, तेव्हा तयार होती ना ती?"

"होती. माझ्या बिअरपेक्षा चांगली होती."

मला रडू आलं ते बिअरसाठी नव्हे. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच पेल्यातून घोट घेऊन त्याने माझा गळा कापला होता.

जत्रेत नळापाशी वानेसच उभा होता. दरवर्षीसारखा पहिला पेला त्याने माझ्यापुढे धरला. गाव बघत होतं. मी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"अजून दोन दिवस थांबायला हवं होतंस," मी म्हणाले, आणि भरला पेला त्याच्या हातात परत दिला.